कचऱ्याची वही

सोमवार, ३ मार्च

आजपासून दोन वह्या. लाल पुठ्ठ्याची कामाची आणि ही निळी कचऱ्याची.

कारण असे. डोंगरावरच्या खाणीला आपला गाळहौद आणखी उंच करायचा आहे. खनिज धुऊन उरलेला गाळ त्या हौदात साठवतात. हौद वर, तलाव खाली, आणि तलावाचे पाणी तीन गावे पितात. परवानगी देण्यापूर्वी समिती लोकांचे म्हणणे ऐकणार आहे, महिनाअखेरीस, शाळेच्या सभागृहात. निवेदने लिहून घ्यायला तटस्थ माणूस हवे होते. शाळेने माझे नाव सुचवले. तेहतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, कोणाच्या लग्नात नाचले नाही, कोणाच्या भांडणात पडले नाही. माझ्याइतके तटस्थ माणूस तिन्ही गावांत सापडायचे नाही.

सकाळी नऊला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत टेबल मांडले. पहिली आली धोबीण. विचारले, पाण्यात काय बदल जाणवतो?

"बाई, साबण फुलत नाही. चोळून चोळून हात फुलतात, साबण काही फुलत नाही."

कधीपासून?

"धाकट्या नातीला पहिला दात आला ना, त्याच्या दोन दिवस आधीपासून."

मी म्हटले, दात हे कालमापनाचे साधन नव्हे. वर्षे सांग. ती गोंधळली. "दीड? दोन? तुम्हीच घाला काय ते."

लाल वहीत लिहिले : 'सुमारे दोन वर्षांपासून पाण्याची कठिणता वाढल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून दाखवले. तिने डोळे मोठे केले. "अगं बाई, मी असं बोलले?" सही करताना खुशीत होती.

तर दात, नात वगैरे जो कचरा निवेदनात जाणार नाही, तो रोजच्या रोज इथे टाकायचा. डोके साफ राहील.

वहिनीने आजही पाण्याचे पिंप नीट घासलेले नव्हते. तळाशी बोट फिरवले तर राखाडी साय. मी काही बोलले नाही. म्हणजे, एकदाच बोलले.

बुधवार, ५ मार्च

अकरा निवेदने झाली.

शिंपी म्हणतो, "चहाला रंग येतो, पण चहा येत नाही." कधीपासून? नवा चष्मा घेतला त्या आठवड्यापासून. सुरुवातीचे काही दिवस त्याला चष्म्याचाच संशय होता. चष्मा काढून चहा पिऊन पाहिला म्हणे. हा माणूस माझ्या वर्गात होता हे सांगायची सोय नाही.

शेवटी नावाडी आला. तिन्ही गावांच्या मधली नाव हाच चालवतो. साठी उलटलेली, नाक गरजेपेक्षा लांब, अंगाला ओल्या दोराचा वास. बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या मागच्या भिंतीकडे बघतो, जणू भिंतीपलीकडचा तलाव त्याला दिसतो.

"पाणी मुकं झालंय," म्हणाला.

"पाणी बोलत होते कधी?"

"तुम्ही ऐकायला आला होतात कधी?"

उद्धट. मी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले. कधीपासून?

"नावेला नवं छप्पर घातलं, त्याच्या पुढच्या सोमवारपासून. सकाळी वल्हं मारलं आणि वाटलं, माझ्या कानाला काही झालं. घरी जाऊन ताट आपटून बघितलं. कान ठीक होता."

लिहिले : 'सुमारे दोन वर्षांपासून पाण्याच्या गुणवत्तेत घट झाल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून दाखवले. त्याने मान कलती करून ऐकले. मग म्हणाला, "छान आहे. कोणाचं आहे हे?"

सही मात्र केली. अक्षर बरे आहे. 'वा' ला गाठ मारतो, दोराला मारावी तशी.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी खुर्चीत डोळा लागला. स्वप्ने लिहिण्याची मला सवय नाही. ही कचऱ्याची वही आहे म्हणून लिहिते.

मी तलावाच्या तळावरून चालत होते. पाणी डोक्यावर होते पण भिजवत नव्हते. पुढे माझी प्रयोगशाळा होती, तिची लांब टेबले, बरण्या, पितळी नळ, सगळे जिथल्या तिथे. मुले बाकांवर बसून उत्तरे देत होती. तोंडातून शब्दांऐवजी बुडबुडे येत होते आणि मी बुडबुड्यांच्या आकारावरून गुण देत होते. एक मुलगी बराच वेळ हात वर करून उभी होती. मी तिला म्हटले, नीट बोल. तिने तोंड उघडले, आणि तिचा बुडबुडा इतका मोठा, इतका सावकाश वर जात राहिला की मी त्याच्याकडे बघत बसले आणि गुण द्यायचे राहून गेले.

जाग आली तेव्हा वहिनी समोर बसून शेंगा सोलत होती. "वन्सं, झोपेत 'नीट बोल' म्हणत होता. कोणाला ओ?"

भाऊ गेल्यावर मीच तिला माझ्याकडे आणले. चांगली आहे. पण आवाज फार करते. शेंगासुद्धा आवाज करून सोलते.

रविवार, ९ मार्च

लोकांच्या बोलण्याला मोजमापाची जोड हवी. जुनी पांढरी ताटली घेतली, कडेला तीन भोके पाडून घेतली, दोरी बांधली, दोरीला हाताहातावर गाठ. ताटली पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत गाठी मोजायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलांना घेऊन हाच प्रयोग तलावावर केला होता. अकरा गाठी आल्या होत्या. तो आकडा डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही, त्यामुळे त्याला पुराव्याची किंमत नाही.

प्रयोगाला नाव लागते. नावाडी एकच आहे. नाइलाज.

सोमवार, १० मार्च

पहाटे साडेपाचला धक्क्यावर. धुके इतके की नाव कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते पायानेच शोधावे लागले. त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. मग नाव हलली तेव्हा धरला. तळवा लाकडासारखा, पण गरम.

मध्यावर गेल्यावर त्याने वल्ही थांबवली. मी ताटली सोडली. पांढरी, गोल, सावकाश खाली. एक गाठ, दोन गाठी. ढगाआड चंद्र जावा तशी ती आधी पिवळसर झाली, मग राखाडी. चौथ्या गाठीला नव्हतीच.

"चार," मी म्हटले.

"श्श," तो म्हणाला. तेहतीस वर्षांत मला कोणी गप्प केलेले नाही. "आता ऐका."

मी ऐकले. बराच वेळ. धुके गालाला लागत होते. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि माझा.

"मला काहीच ऐकू येत नाही," मी म्हटले.

"तेच," तो म्हणाला.

मग सांगितले. उजाडताना पाण्यावर बारीक किडे उठायचे आणि त्यांच्यासाठी बोटाएवढे मासे उड्या मारायचे. हजारोंनी. टुपुक टुपुक, सबंध तलावभर. "माझ्या आईला वाटायचं पाऊसच आला. वाळत घातलेले कपडे काढायला धावायची. रोज धावायची आणि रोज हसायची." एका सोमवारी ते सगळे थांबले. त्याला तो सोमवार असा आठवतो, जसा एखाद्याला घरातले माणूस गेल्याचा वार आठवतो.

लाल वहीत : 'पारदर्शकता : ४ हात. लहान माशांच्या संख्येत घट झाल्याचे निदर्शनास आले आहे.' दोन्ही बरोबर आहे. तरी परत येताना वाटत राहिले की काहीतरी नावेत विसरले. घरी येऊन पिशवी पाहिली. सगळे होते.

बुधवार, १२ मार्च

पाववाला : "पीठ आळशी झालंय बाई. उठायलाच मागत नाही. आधी हाक मारली की उठायचं, आता सुट्टीच्या दिवशीच्या पोरासारखं पडून राहतं." हे कधीपासून, तर भट्टीची जुनी फरशी काढून नवी बसवली तेव्हापासून. त्याने दोष फरशीला दिला, फरशी बदलणाऱ्याला दिला, बायकोच्या हातालाही दिला. बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, "पाणी सोडून सगळ्यांना शिव्या घालून झाल्या."

टपालवाला तलावात पोहतो. म्हणतो, बाहेर आले तरी पाणी अंगाला चिकटून राहते, 'निरोप घेत नाही'. मुलीचा निकाल लागला त्या सुमाराला लक्षात आले.

छप्पर, चष्मा, दात, फरशी, निकाल. माणसांना कॅलेंडर नावाची वस्तू माहीत नाही काय? सगळ्यांचे मिळून 'सुमारे दोन वर्षे' केले. वैज्ञानिक लेखनात एकसूत्रता लागते.

सकाळी पुन्हा ताटली. चार गाठी. एका मोजमापावर विसंबू नये म्हणून रोज जायचे ठरवले आहे. निघताना वहिनी दारात.

"वन्सं, ताटली पाण्यात सोडायला इस्त्रीचे कपडे लागतात होय?"

असल्या प्रश्नांना उत्तर नसते.

शनिवार, १५ मार्च

थर्मास नेला. पहाटे गारठा असतो आणि खोकला त्याला आहे, मला नाही. तिसऱ्या दिवशी बारा वेळा खोकला, आज सातदा. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "शिंपी खरं बोलतो. रंग आहे." आम्ही दोघे हसलो. धुक्यात हसू कुठवर जाते ते कळत नाही. ते परत येत नाही एवढे खरे.

हल्ली दिवसभर त्या धुक्याचे काहीतरी अंगावर राहते. फळ्यासमोर उभे असावे आणि खडू हातात असताना काय लिहायचे तेच विसरावे, तसे. मला हे आवडत नाही. त्याच्या पाठीकडे बघत बसायला मी नावेत जात नाही. तो वल्ही मारताना माझ्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे पाठीचा प्रश्नही येत नाही. मग पाठ इतकी नीट कशी आठवते?

घरी आले तर पिंपात पुन्हा तीच साय. आज मात्र बोलले. म्हटले, सोळा महिने सांगते आहे. वहिनी ओट्यापाशी उभी राहून भांड्याची काथी हातात फिरवत राहिली. "घासते हो वन्सं, रोज घासते," एवढेच.

खरे ते लिहिते. भाचीला पत्र टाकावे म्हणते, की आईला काही दिवस तुझ्याकडे ने. काही दिवस म्हणजे काही दिवस नाही. वहिनी नसेल तर हे घर किती मोठे आणि शांत होईल याचा विचार मी रोज करते.

मंगळवार, १८ मार्च

त्रेचाळीस निवेदने पूर्ण. सगळी शाईने, समासासह, एकही खाडाखोड नाही. ग्रंथपाल म्हणाली, "छापल्यासारखं दिसतंय." लाल वही समितीकडे पोचती केली.

दुपारी स्वप्नात ताटली सोडली. ती खाली गेली, आणखी खाली गेली, आणि दिसतच राहिली. दोरी संपली, हात संपला, तरी दिसत होती. तिच्यावर कोणीतरी वाढून ठेवले होते. काय ते बघायला वाकले तर जाग आली.

भाचीला पत्र अजून टाकलेले नाही.

गुरुवार, २७ मार्च

सुनावणी.

सभागृह भरलेले. समितीच्या अध्यक्षा हळू बोलणाऱ्या बाई आहेत, त्यामुळे सगळे आपोआप गप्प बसतात. खाणीचे वकील तरुण, स्वच्छ, हसतमुख. लाल वही हातात घेऊन उभे राहिले.

"धोबीण म्हणतात, 'निदर्शनास आले आहे'. नावाडी म्हणतात, 'निदर्शनास आले आहे'. पाववाले म्हणतात, 'निदर्शनास आले आहे'." पान उलटले. "इथे नवरा-बायको भांडतानासुद्धा असंच बोलतात का? 'तू मीठ जास्त घातल्याचे निदर्शनास आले आहे'?"

लोक हसले. आपलेच लोक. शिंपी सगळ्यात मोठ्याने.

"हे त्रेचाळीस माणसांचं म्हणणं नाही," वकील म्हणाले. "हे एका माणसाचं म्हणणं आहे, त्रेचाळीस वेळा. पण समजा आपण ते धरलं. सगळे म्हणतात, दोन वर्षं. आमचा गाळहौद सुरू झाला चौदा नोव्हेंबरला, म्हणजे सोळा महिन्यांपूर्वी. आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये काय झालं होतं? पलीकडचा कडा कोसळून तलावात आला. निसर्गाची करणी. तेव्हा निवेदनं लिहिणाऱ्या बाईंचे आम्ही आभारीच आहोत."

मला उभे केले. अध्यक्षांनी विचारले, "लोक प्रत्यक्ष काय बोलले त्याची त्याच दिवशी केलेली टिपणं आहेत का तुमच्याकडे? आता नव्यानं लिहून घेतलेलं चालणार नाही, शिकवून आणलं असं म्हटलं जाईल. मूळ काही असेल तर सोमवारी अकरापर्यंत द्या. पण वही जशीच्या तशी. सुटी पानं नकोत, नाहीतर बाकीच्या पानांवर काय होतं असा प्रश्न येईल. आणि ती इथे सगळ्यांसमोर वाचली जाईल."

मी म्हटले, "माझी वही आपल्या हातात आहे."

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर होते.

खाली बसताना नावाड्याकडे नजर गेली. तो भिंतीकडे बघत होता.

शुक्रवार, २८ मार्च

पहाटे गेले नाही. थर्मास ओट्यावर उपडा आहे.

वहिनी दुपारी समोर येऊन बसली. शेंगा नव्हत्या, काही नव्हते. म्हणजे गंभीर बाब.

"वन्सं, निळ्या वहीत तर सगळं आहे की."

मी विचारले, निळ्या वहीत काय आहे हे तुला कसे माहीत?

"उघडी होती."

"ती कधीच उघडी नसते."

"मग मिटलेली होती. मी उघडली." पदराआड हसायची तिची पद्धत आहे, पण हसली नाही. "दात आहे, चष्मा आहे, छप्पर आहे. सगळं तुमच्याच अक्षरात, तारीखवार."

मला कानापर्यंत गरम झाले. सगळे वाचले म्हणजे पंधरा तारीखही वाचली. भाचीला पत्र. मोठे आणि शांत घर. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्या स्वप्नातल्या मुलीसारखे झाले.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "माणूस वैतागतो. मीही तुमच्याबद्दल काय काय म्हणते, फक्त मला लिहायचा कंटाळा." मग बोटे मोजायला लागली. "हे बघा. धोब्याच्या नातीचा दात. मी इथं नवीन आले तेव्हा धोबीण कडेवर तिला घेऊन आली होती, दात दाखवायला. पहिली ओळख तीच. नावेचं छप्पर. अहो, मी त्याच नावेतून तर आले! ओला रंग होता, वासानं मला मळमळलं, नावाडी म्हणाला, 'ताई, कालच घातलंय.' आणि तुमचा तो मुका सोमवार त्याच्यानंतरचा."

"तू नेमकी कोणत्या तारखेला आलीस?"

"आणायला तुम्ही आला होतात, आणि मला विचारता?"

उठून कपाटातले जुने कॅलेंडर काढले. माझे अक्षर : 'वहिनी.' शनिवार, अठरा नोव्हेंबर. हौद सुरू झाल्याचा पाचवा दिवस.

मग दोघी बाहेर पडलो. शिंप्याने चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी शोधली : सोळा नोव्हेंबर. पाववाल्याने फरशीवरच गवंड्याने कोरलेली तारीख दाखवली : सतरा. टपालवाल्याच्या मुलीचा निकाल वीस तारखेचा. धोबिणीने बाळाचा दात एका कागदावर लिहून ठेवला होता, उंची-वजनाच्या शेजारी : एकोणीस.

मी ज्याला कचरा म्हटले ते सगळे एकाच आठवड्यात जाऊन बसत होते. आणि ज्याला एकसूत्रता म्हटले, तिने तो आठवडा पुसला होता. खाडाखोड न करता.

शनिवार, २९ मार्च

मला काय द्यावे लागेल ते शांतपणे लिहून काढते.

दहा तारीख, हात धरल्याची. बारा, इस्त्रीची. पंधरा तर सबंधच. पंधरामधले अर्धे पान ऐकून नावाडी बसल्या जागी काय करील? गाव काय करील ते मला माहीत आहे. तेहतीस वर्षे ज्यांना 'हसू नका' म्हटले ते सगळे एकाच वेळी हसतील. आणि उरलेले अर्धे पान ऐकताना वहिनी त्याच सभागृहात, बहुधा माझ्याच शेजारी, बसलेली असेल.

पाने फाडता येत नाहीत. शाई सांडता येईल. शाईच्या बाटलीकडे मी सकाळपासून तीनदा पाहिले.

दुपारी उठून पिंप घासायला घेतले. स्वतः. राख, काथी, गरम पाणी. प्रयोगशाळेतली काचेची भांडी घासतात तसे, तीन पाण्यांनी. कोरडे करून पांढऱ्या फडक्याने पुसले. फडके स्वच्छ. मग नळाचे पाणी भरले, झाकले आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. ऊन ओट्यावरून जमिनीवर उतरले, जमिनीवरून माझ्या पावलांवर आले. बहुधा डोळा लागला. पाण्याखालून कोणीतरी कपडे काढायला धावत होते आणि हसत होते.

उठून झाकण काढले. बोट फिरवले.

राखाडी साय.

वहिनी दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मी बोट तसेच वर धरून तिच्याकडे पाहत राहिले. जवळ येऊन तिने माझे बोट आपल्या पदराला पुसले.

सोमवार, ३१ मार्च

शाळेचा व्हरांडा, बाकावर. दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वही वीस मिनिटांनी माझ्याकडे नसेल.

पहाटे तलावावर गेले होते. तो धक्क्यावर होता, तीन दिवस रोज येऊन थांबला म्हणाला. मी नावेत बसले नाही. उभ्यानेच सांगितले की आज सभागृहात एक वही वाचली जाईल, तिच्यात मूळ बोलणे आहे, आणि आणखीही काही आहे.

"माझं मुकं आहे का त्यात?"

"आहे. शब्दाला शब्द."

"मग झालं तर."

"तुमचे नाकही आहे."

त्याने जरा विचार केला. "लांब म्हटलंय?"

"गरजेपेक्षा."

तो खोकला. एकदाच. मग म्हणाला, "आज पुढच्या बाकावर बसतो."

वहिनी आत जाऊन जागा धरून बसली आहे. माझ्यासाठी शेजारची ठेवली आहे आणि त्यावर पिशवी ठेवून कोणाशी तरी भांडते आहे. इथवर आवाज येतो.

एक काम राहिले होते. लाल वहीत त्रेचाळीस निवेदने आहेत. त्यांत माझे नाही. मी तटस्थ होते. पाणी तर मीही तेच पिते.

निवेदन क्रमांक ४४.

तलावाचं पाणी मुकं झालंय. मी पहाटे मधोमध जाऊन ऐकलंय. कधीपासून म्हणाल, तर माझी वहिनी नव्या छपराच्या नावेतून या गावात आली आणि मी तिला पहिल्यांदा पिंप पुन्हा घासायला लावलं, त्या आठवड्यापासून. तिनं ते सोळा महिने रोज घासलं. घाण पिंपाची नव्हती, आणि तिच्या हाताची तर नव्हतीच. तिला कुठेही पाठवायचं नाही. भाचीला पत्र टाकलेलं नाही, टाकणार नाही.

जो कोणी हे मोठ्यानं वाचेल त्याच्यासाठी सूचना : दहा आणि पंधरा तारखेची पानं गाळू नयेत. ती वाचताना पुढच्या बाकाकडे बघू नये. आणि कोणाचंही बोलणं, माझं धरून, शुद्ध करू नये.